‘हेस्टी’मध्ये वेग कमी, तक्रार जास्त

‘थँक यू फॉर युअर हेस्टी रिप्लाय.’ हे वाक्य लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं, ‘उत्तर लगेच पाठवलंत, आभारी आहे.’ वाचणाऱ्याला मात्र ऐकू येतं, ‘विचारबिचार न करता दोन ओळी खरडून पाठवल्यात, त्याबद्दल आभार.’ स्पेलिंग बरोबर, व्याकरण बरोबर, आणि तरी आभाराच्या वाक्यात टोमणा जाऊन बसला. इथे हवा होता ‘प्रॉम्प्ट रिप्लाय’, किंवा साधा ‘क्विक रिप्लाय’.

चूक कुठून येते ते कळायला फार लांब जावं लागत नाही. ‘हेस्टी’ म्हणजे ‘घाईचा’ असं आपण पाठ केलेलं असतं आणि मराठीतली घाई मोठ्या पोटाची आहे. गाडी पकडायची घाई, कामाची घाई, लग्नाची घाई, झोपायची घाई, सगळ्यांना एकच शब्द पुरतो, आणि त्यात दोष दिलेला असतोच असं नाही. ‘जरा घाईत आहे’ म्हणणारा माणूस स्वतःला नावं ठेवत नसतो. इंग्रजीने हा सगळा पसारा वेगवेगळ्या शब्दांत वाटून टाकला आहे. ‘हेस्टी’च्या वाट्याला त्यातली नको तेवढी घाई आली: जिथे थांबून विचार करायला हवा होता आणि कोणी तो केला नाही.

त्यामुळे हा शब्द लिहिण्याआधी एक चाचणी करावी. ‘हेस्टी’च्या जागी मराठीत ‘पुरता विचार न करता केलेला’ हे शब्द ठेवून बघायचे. ‘हेस्टी डिसिजन’, पुरता विचार न करता केलेला निर्णय: बसतं. ‘हेस्टी कन्क्लूजन’, पुरता विचार न करता काढलेला निष्कर्ष: बसतं. ‘हेस्टी ट्रेन’? पुरता विचार न करता केलेली गाडी. इथे गाडी रुळावरून घसरली. गाडीला डोकं नाही, तिच्याकडून विचाराची अपेक्षाही नाही, म्हणून ती ‘फास्ट’ असते, ‘हेस्टी’ नसते. नदीचा प्रवाह ‘स्विफ्ट’, नाडीचे ठोके ‘रॅपिड’, लोकसंख्येची वाढ ‘रॅपिड’, अचानक आलेला पाऊस ‘सडन’. यांतल्या एकालाही ‘हेस्टी’ चालत नाही, कारण यांतल्या एकालाही थांबून विचार करता आला नसता.

वेग आणि घाई यांत इंग्रजी किती कडक भेद करतं याचा चांगला नमुना कायद्यात सापडतो. अमेरिकेच्या राज्यघटनेत 1791 साली जी सहावी दुरुस्ती आली तिने आरोपीला ‘स्पीडी अँड पब्लिक ट्रायल’चा हक्क दिला. खटला वर्षानुवर्षं रखडणार नाही, हा त्यातला भरवसा. आता ‘स्पीडी’ काढून तिथे ‘हेस्टी’ घाला. ‘हेस्टी ट्रायल’ म्हणजे साक्षीपुरावे नीट न तपासता उरकलेला खटला. म्हणजे ज्याचा हक्क मागायचा त्याच्याऐवजी ज्याच्याविरुद्ध अपील करायचं ती गोष्ट हातात आली. मराठी विशेषणात दोन्हीकडे ‘झटपट’ लिहून चालून जातं, इंग्रजीत पक्ष बदलतो.

मराठी माणसाकडून होणारी पहिल्या क्रमांकाची चूक मात्र याहून साधी आहे: ‘आय ॲम हेस्टी.’ मनातलं वाक्य असतं ‘मी घाईत आहे’, आणि ते शब्दाला शब्द लावून बाहेर पडतं. ऐकणाऱ्याला अर्थ लागतो, ‘मी उतावळ्या स्वभावाचा आहे.’ घाईत असण्यासाठी इंग्रजीत विशेषण नकोच, नाम हवं: ‘आय ॲम इन अ हरी’ किंवा ‘आय ॲम इन अ रश’. यातला ‘अ’ गाळू नये. ‘इन हरी’ असं म्हणत नाहीत. ‘मला घाई नाही’ याला ‘आय ॲम इन नो हरी’ किंवा ‘देअर इज नो हरी’. आणि समोरच्याला ‘घाई करू नका, सावकाश होऊ द्या’ म्हणायचं असेल तर ‘टेक युअर टाइम’ किंवा ‘नो रश’. तिथे ‘डोन्ट बी हेस्टी’ म्हटलं तर धीर देण्याऐवजी कानउघाडणी होते.

‘आय ॲम हेस्टी’ अगदीच अशक्य आहे असं नाही. फक्त तो कबुलीजबाब आहे. आणि तो बहुतेक वेळा भूतकाळात येतो: ‘आय वॉज टू हेस्टी’, मी जरा घाईच केली, चुकलं. चालू क्षणातल्या वागण्याबद्दल बोलायचं असेल तर मधे ‘बीइंग’ लागतं: ‘यू आर बीइंग हेस्टी.’ याचा अर्थ, तू एरवी असशील कसाही, या घटकेला उतावळेपणा करतो आहेस. ‘यू आर हेस्टी’ म्हटलं की स्वभावावर बोट गेलं. भांडण टाळायचं असेल तर ‘बीइंग’ घालावं. त्याच्याही पुढे ‘अ लिटल’ जोडलं की टीका सभ्य होते: ‘आरन्ट यू बीइंग अ लिटल हेस्टी?’ विनम्र इंग्रजीत याहून स्पष्ट नकार क्वचितच देतात, हे लक्षात असू द्यावं.

मराठीच्या घाया आणि इंग्रजी शब्द

मराठीत घाईचे शब्द कमी नाहीत. उलट इतके आहेत की एकेकाला धरून इंग्रजीत कुठे जायचं ते बघितलं तर अर्धी अडचण तिथेच सुटते.

‘तडकाफडकी’ घ्या. तडकाफडकी राजीनामा हा ‘हेस्टी रेझिग्नेशन’ असेलच असं नाही. माणसाने सहा महिने विचार करून ठेवला असेल, बाहेर मात्र एका दिवसात कळलं. तेव्हा तो ‘सडन’ किंवा ‘अब्रप्ट’. रागाच्या भरात कागद टेबलावर आपटला असेल तर ‘हेस्टी’. आणि वरिष्ठांनी पूर्वसूचना न देता तडकाफडकी काढून टाकलं, तर त्याला ‘समरी डिसमिसल’ असा ठरलेला शब्द आहे. ‘तडकाफडकी’ बाहेरून दिसणाऱ्या धक्क्याबद्दल बोलतो आणि ‘हेस्टी’ आतल्या न झालेल्या विचाराबद्दल. एकाच घटनेला दोन्ही लागू पडू शकतात, पण आपण नेमकं काय म्हणतो आहोत ते आधी ठरवावं लागतं.

‘उतावळा’ हा वरवर ‘हेस्टी’चा सख्खा भाऊ वाटतो. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो तेव्हा त्याने अजून काहीच केलेलं नसतं, त्याला नुसता धीर धरवत नसतो. हा झाला ‘इम्पेशंट’ किंवा ‘ओव्हर-ईगर’. उतावळेपणाने काही करून बसला की मग ते कृत्य ‘हेस्टी’. धीर नसणं ही अवस्था, ‘हेस्टी’ हा तिचा परिणाम.

‘घिसाडघाई’ हा शब्द माझ्या मते मराठीतला फार कामाचा आणि इंग्रजीत नेताना फार अडणारा शब्द आहे. घिसाडघाईत काम होतं खरं, पण ओबडधोबड होतं. सांधे उघडे राहतात, कडा वाकड्या जातात. त्याला ‘अ रश्ड जॉब’ किंवा जरा बोलीत ‘अ स्लॅपडॅश जॉब’. ‘हेस्टी वर्क’ म्हणता येतं, पण ते फिकं पडतं.

‘तातडीचं’ हे तर सरळ ‘अर्जंट’. ‘धिस इज हेस्टी वर्क’ असं सांगून काम पुढे सरकवलं तर घेणारा बुचकळ्यात पडेल, की काम आधीच कोणीतरी बिघडवून ठेवलं आहे की काय. ‘लगबग’ला ‘बसल’ जवळचा आहे आणि त्यात दोष नाही. ‘उरकणं’ला ‘गेट इट ओव्हर विथ’. ‘धावती भेट’ ही ‘फ्लाइंग व्हिजिट’. धावती नजर ‘क्विक ग्लान्स’, आणि ती नजर हलगर्जीपणाची होती असं सुचवायचं असेल तर ‘कर्सरी ग्लान्स’.

‘हरीड’ आणि ‘हेस्टी’

सगळ्यात जास्त गोंधळ या जोडीत होतो, आणि तो शिकाऊ लोकांचाच होतो असंही नाही. दोन्हींमध्ये वेळ कमी आहे, दोन्हींमध्ये काम भराभर झालं आहे. फरक दिसायला एक पत्र डोळ्यांसमोर आणावं.

‘अ हरीड लेटर’: टपालपेटी उघडून पत्रं गोळा करायची वेळ होत आली आहे. लिहिणारा उभ्याउभ्या लिहितो आहे. अक्षर वाकडं, एका ओळीत क्रियापद राहून गेलं, शेवटी ‘बाकी नंतर’ एवढंच. पण जे लिहिलं ते त्याला म्हणायचंच होतं. महिनाभर विचार करून त्याने तेच लिहिलं असतं, फक्त नेटकं.

‘अ हेस्टी लेटर’: अक्षर मोत्यासारखं असू शकतं. लिहायला पूर्ण दुपार हाताशी असू शकते. पण सकाळचा राग उतरला नव्हता, दुसऱ्याची बाजू ऐकली नव्हती, आणि संध्याकाळी ते पत्र परत मागून घ्यावंसं वाटलं. पाठवायला नको होतं असं पत्र.

‘हरीड’मध्ये दबाव बाहेरचा, वेळेचा. ‘हेस्टी’मध्ये उणीव आतली. म्हणूनच ‘हरीड ब्रेकफास्ट’ म्हणताना खाणाऱ्याची कीव येते, आणि ‘हेस्टी मॅरेज’ म्हणताना ऐकणारा भुवई उंचावतो. जिन्यावरून येणारी पावलं ‘हरीड फूटस्टेप्स’, कारण पावलं चुकीचा निर्णय घेत नाहीत. ‘रश्ड’ हा ‘हरीड’च्या शेजारचा. त्यात आणखी एक छटा आहे, कोणीतरी मागून ढकलतं आहे अशी: ‘आय फेल्ट रश्ड’, मला घाई करायला लावली. हे वाक्य ‘आय फेल्ट हेस्टी’ असं कधीच होत नाही.

काही ठिकाणी दोन्ही चालतात, हेही सांगायला हवं. ‘अ हेस्टी ब्रेकफास्ट’, ‘अ हेस्टी नोट’, ‘अ हेस्टी गुडबाय’ ही वाक्यं छापील इंग्रजीत सापडतात आणि ती चूक नाहीत. तिथे ‘हेस्टी’ मवाळ होऊन ‘चटकन उरकलेला’ एवढाच राहतो. नाम जितकं किरकोळ, तितका ‘हेस्टी’चा दंश कमी. न्याहारीवर कोणाचं भवितव्य अवलंबून नसतं. निर्णय, निष्कर्ष, मत, लग्न, आश्वासन, आरोप अशी वजनदार नामं आली की दंश पूर्ण भरतो.

‘रॅश’ वेगळा. ‘हेस्टी’ विचार करायला वेळ दिला नाही म्हणतो, ‘रॅश’ धोका बघितला नाही म्हणतो. ओळख न पाहता हमी देणं ‘रॅश’, दुसऱ्या दुकानातला भाव न विचारता वस्तू उचलणं ‘हेस्टी’. दुसऱ्या उदाहरणात चार पैसे जातील, पहिल्यात घर जाईल. आणि नाम म्हणून ‘अ रॅश’ म्हणजे अंगावरचं पुरळ, त्याचा इथे संबंध नाही.

‘हेस्टी’च्या अगदी समोर उभा राहणारा शब्द ‘स्लो’ नाही. तो आहे ‘डिलिबरेट’, म्हणजे तोलूनमापून केलेला. ही जोडी सैन्याच्या भाषेत तर ठरीव आहे. ‘हेस्टी अटॅक’ म्हणजे हाताशी आहे तेवढ्या तयारीत, संधी निसटू नये म्हणून केलेला हल्ला, आणि ‘डिलिबरेट अटॅक’ म्हणजे टेहळणी, आराखडा, सराव सगळं करून केलेला. तिथे ‘हेस्टी’त निंदा नाही, ती फक्त वर्गवारी आहे. तसंच डोंगरात हरवलेल्यांना शोधणाऱ्या पथकांचं. सर्वांत आधी, थोडकं सामान घेऊन, शक्यतेच्या वाटा भराभर पालथ्या घालणाऱ्या तुकडीला ‘हेस्टी टीम’ म्हणतात. ही धंद्यातली भाषा आहे. रोजच्या लिखाणात तिचा दाखला देऊन ‘हेस्टी’ निर्दोष ठरवायला जाऊ नये.

नामं आणि त्यांना लागणारी क्रियापदं

‘हेस्टी’ एकटा फिरत नाही, त्याची माणसं ठरलेली आहेत. ‘मेक अ हेस्टी डिसिजन’. इथे ‘टेक’ही ऐकू येतं, पण ‘मेक’ सगळीकडे चालतं, ‘डू’ कुठेच नाही. ‘ड्रॉ अ हेस्टी कन्क्लूजन’. बोलताना याचं ‘जम्प टू कन्क्लूजन्स’ होतं आणि मग ‘हेस्टी’ लागतच नाही, कारण उडीतच घाई आली. ‘मेक अ हेस्टी एक्झिट’, ‘मेक अ हेस्टी डिपार्चर’. तर्कशास्त्रात ‘हेस्टी जनरलायझेशन’ हे एका तर्कदोषाचं नावच आहे: दोन-चार नमुने बघून सगळ्या जातीवर शिक्का मारणं. चार शितं चाचपून भाताची परीक्षा होते, माणसांची होत नाही.

‘बीट अ हेस्टी रिट्रीट’ हा वाक्प्रचार मात्र जसाच्या तसा उचलायचा. इथलं ‘बीट’ म्हणजे नगारा बडवणं. माघारीचा इशारा सैन्याला ढोल वाजवून देत, त्यातून हा प्रयोग आला. आज अर्थ हलकाफुलका आहे: अवघड प्रसंग दिसताच काढता पाय घेणं. यातलं ‘बीट’ काढून ‘टेक’ घातलं की मोडलं. भूतकाळातही ते ‘बीट’च राहतं, ‘बीटेड’ होत नाही.

जुन्या अर्थाचा एक अवशेष खाण्याच्या नावात राहिला आहे. ‘हेस्टी पुडिंग’ म्हणजे पीठ दुधात किंवा पाण्यात घोटून केलेली लापशी, इंग्लंडात गव्हाच्या पिठाची, अमेरिकेत मक्याच्या. पुडिंगने काही अविचार केलेला नाही. ते पटकन होतं, एवढंच. शब्द जुन्या फ्रेंचमधल्या ‘हास्तिफ’ या रूपाशी जोडलेला आहे. त्याचा आजचा फ्रेंच वंशज लवकर पिकणाऱ्या फळांना आणि भाज्यांनाही लावतात. म्हणजे मूळ घराण्यात त्वरा होती आणि उतावळेपणाची छटाही होती, इंग्रजीत राहून राहून ही दुसरी छटाच जास्त ठळक झाली. पण हे वाचून कोणी ‘हेस्टी मँगो’ लिहू नये.

उच्चार, स्पेलिंग आणि रूपं

उच्चार ‘हेस्टी’, ‘टेस्टी’ला जुळणारा. ‘हॅस्टी’ असा ऐकू येतो तो ‘नॅस्टी’च्या संगतीने बिघडलेला. स्पेलिंग एच-ए-एस-टी-वाय. मूळ नाम ‘हेस्ट’च्या शेवटी ई आहे, ते विशेषणात गळतं. ‘अ हेस्टी’ लिहायचं, ‘ॲन हेस्टी’ नाही. ‘अवर’मधला एच मुका असतो म्हणून तिथे ‘ॲन’ येतं, इथला एच चांगला बोलका आहे. क्रियापद ‘हेसन’, त्यात टी लिहायचा पण उच्चारायचा नाही, ‘लिसन’मध्ये करतो तसंच. आणि गंमत म्हणजे या क्रियापदात बदनामी नाही. ‘हेसन द प्रोसेस’ म्हणजे काम लवकर पुढे नेणं. ‘आय हेसन टू ॲड’ म्हणजे गैरसमज व्हायच्या आत सांगून टाकतो.

तुलना ‘हेस्टियर’, ‘हेस्टिएस्ट’. वायचा आय होतो. प्रत्यक्षात या रूपांची गरज फार पडत नाही. ‘टू हेस्टी’, ‘अ बिट हेस्टी’, ‘रादर हेस्टी’, ‘ओव्हर-हेस्टी’ यांनी काम भागतं, आणि ‘व्हेरी हेस्टी’पेक्षा ‘टू हेस्टी’ कितीतरी जास्त नैसर्गिक वाटतं, कारण शब्दातच ‘प्रमाणाबाहेर’ हा भाव आहे.

क्रियाविशेषण ‘हेस्टिली’. ‘फास्ट’ दोन्ही कामं एकाच रूपात करतो, म्हणून ‘ही डिसायडेड हेस्टी’ असं लिहायचा मोह होतो. ते चूक. ‘ही डिसायडेड हेस्टिली.’ कर्म असेल तर क्रियाविशेषण क्रियापद आणि कर्म यांच्या मधे घुसवू नये: ‘ही साइन्ड हेस्टिली द काँट्रॅक्ट’ कानाला खटकतं. ‘ही हेस्टिली साइन्ड द काँट्रॅक्ट’ किंवा ‘ही साइन्ड द काँट्रॅक्ट हेस्टिली’. सहायक क्रियापदं असतील तर मुख्य क्रियापदाला अगदी लागून: ‘द ब्रिज हॅड बीन हेस्टिली रिपेअर्ड.’

या शेवटच्या रचनेत एक सूट मिळते. भूतकृदंताआधी, म्हणजे ‘रिपेअर्ड’सारख्या रूपाआधी, आलेला ‘हेस्टिली’ बराच मवाळ असतो. ‘अ हेस्टिली अरेंज्ड मीटिंग’ म्हणजे ऐनवेळी बोलावलेली बैठक. बोलावणाऱ्याचं चुकलं असं त्यात नाही, प्रसंगच तसा आला. बातम्यांत ही रचना सारखी दिसते. पण ‘अ हेस्टी मीटिंग’ म्हटलं की बैठकीत गोष्टी धड बोलल्या गेल्या नाहीत असा वास येतो.

नाम ‘हेस्ट’ मोजता येत नाही. ‘अ हेस्ट’ नाही, ‘हेस्ट्स’ नाही. ‘इन हेस्ट’ असं कोरं वापरायचं, बरोबर ‘इन अ हरी’च्या उलट. हा फरक घोटून घ्यावा, कारण दोन्हीकडे चुकतं: एकीकडे ‘अ’ राहतो, दुसरीकडे उगाच येतो. ‘इन हेस्ट’ थोडं लिखित, थोडं जुन्या वळणाचं आहे. रोजच्या बोलण्यात ‘इन अ हरी’च बरं. पण एक रचना मात्र आजही जिवंत आहे आणि तिला पर्याय नाही: ‘इन हिज हेस्ट टू लीव्ह, ही फरगॉट द कीज.’ निघायच्या घाईत किल्ल्या विसरला. मराठीतल्या ‘...च्या घाईत’ला ही तंतोतंत बसते. ‘विथ अनड्यू हेस्ट’ म्हणजे अकारण घाईने. आणि ‘विथ इनडीसंट हेस्ट’ म्हणजे जनाची नाही तर मनाची तरी ठेवायला हवी होती, अशा घाईने.

‘पोस्ट-हेस्ट’ या शब्दात निंदा अजिबात नाही. सोळाव्या शतकात तातडीच्या पत्रांवर टपाल नेणाऱ्या स्वारासाठी ‘हेस्ट, पोस्ट, हेस्ट’ असं लिहीत. त्यातून ‘तातडीने’ या अर्थाचं क्रियाविशेषण निघालं. आज ते किंचित नाटकी वाटतं, पण चूक नाही.

विशेषणापुढची वाक्यरचना अशी. कृती सांगायची असेल तर ‘इन’ आणि आयएनजी: ‘शी वॉज टू हेस्टी इन रिजेक्टिंग द ऑफर.’ ‘हेस्टी टू रिजेक्ट’ अधूनमधून दिसतं, पण ‘टू’ वापरायचंच असेल तर ‘क्विक टू जज’सारखं ‘क्विक’ घ्यावं, कान लगेच मान्य करतो. विषय सांगायचा असेल तर ‘अबाउट’: ‘लेट्स नॉट बी हेस्टी अबाउट द प्राइस.’ आणि वाक्य ‘इट’ने सुरू झालं तर माणसाआधी ‘ऑफ’: ‘इट वॉज हेस्टी ऑफ हिम टू रिझाइन.’ इथे ‘फॉर हिम’ नको. ‘ऑफ’ त्या कृतीतून माणसाचा गुण दाखवतो, ‘काइंड ऑफ यू’ म्हणतो तसाच.

एक ई-मेल दुरुस्त करताना

आता सगळं एका ठिकाणी. एका काल्पनिक ई-मेलचा मजकूर असा आहे: ‘आय ॲम व्हेरी हेस्टी टुडे. द क्लायंट वॉन्ट्स अ हेस्टी डिलिव्हरी. प्लीज टेक अ हेस्टी डिसिजन अबाउट द प्राइस. आय विल डू द वर्क हेस्टिली. वेटिंग फॉर युअर हेस्टी रिप्लाय.’

पाच वाक्यं, पाचही व्याकरणात बसणारी, आणि पाचही लिहिणाऱ्याच्या विरोधात जाणारी. पहिलं ‘आय ॲम इन अ हरी टुडे, सो आय विल बी ब्रीफ’ असं करावं. दुसऱ्यात ग्राहकाला माल लवकर हवा आहे, फेकाफेकी नको, म्हणून ‘क्विक डिलिव्हरी’ किंवा ‘अर्ली डिलिव्हरी’. तिसरं सगळ्यात वाईट. वरिष्ठाला आपण लेखी विनंती करतो आहोत की कृपया पुरता विचार न करता निर्णय घ्या. ‘वी नीड अ क्विक डिसिजन’ चालेल. त्याहून बरं म्हणजे विशेषण टाकून वार सांगावा: ‘कुड यू प्लीज डिसाइड बाय फ्रायडे?’ घाई सांगण्याची सर्वांत स्वच्छ रीत तारीख सांगणं हीच आहे, तिथे कुठल्याच छटेची भानगड राहत नाही.

चौथ्या वाक्यात काम आपण बिघडवणार असल्याची आगाऊ सूचना दिलेली आहे. ‘आय विल स्टार्ट राइट अवे’ किंवा ‘आय विल गेट इट डन क्विकली’. पाचव्यातलं ‘वेटिंग फॉर’ हेसुद्धा मान वाकडी करून दारात उभं राहिल्यासारखं वाटतं. ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू सून’ लिहावं. ‘टू’नंतर ‘हिअरिंग’, ‘हिअर’ नाही.

दुरुस्त झालेल्या मजकुरात ‘हेस्टी’ एकदाही उरला नाही. तो वापरायची योग्य जागा पुढच्या ई-मेलमध्ये आहे, वरिष्ठाच्या उत्तरात: ‘आय अंडरस्टँड द क्लायंट इज इन अ हरी, बट लेट्स नॉट बी हेस्टी अबाउट द प्राइस.’